डावी बाजू मारीची

बाहेर ऊन असं, की शटरला हात लावला तर चटका बसावा, आणि आत मी बर्फात घालायच्या कोटाची चेन बदलतोय. हमरियातल्या माझ्या दुकानात दर उन्हाळ्यात हे चालतं. शहाणी माणसं डिसेंबरची कामं जूनमध्येच देऊन ठेवतात. बाकीची आदल्या दिवशी येऊन "हनीफभाई, उद्या फ्लाइट आहे हो" म्हणतात.

इथल्या मराठी मंडळाच्या साठे ताई अल खौदहून ब्लाउज न्यायला आल्या होत्या. त्यांनी तो कोट पाहिला आणि म्हणाल्या, "यंदाच्या दिवाळी अंकात तुम्ही लिहायचं. मस्कतमध्ये बसून बर्फाचे कपडे शिवणारा दुसरा कोण मिळणार मला?"

"ताई, मी बर्फ पाहिलाय तो फ्रीजमधला."

"मग तेच लिहा."

तर लिहितो. मी रत्नागिरीकडचा, जयगडच्या खाडीकाठचा. वडील होडीवर होते. मी होडीत पाय ठेवला की ओकायचो, म्हणून त्यांनी कंटाळून मला गावातल्या शिंप्याकडे बसवलं. तिथून मुंबई आणि मुंबईहून इथे. या दुकानात चौतीस वर्षं झाली, आणि या हिवाळ्यानंतर मी कायमचा घरी जाणार आहे. माझा सगळा जन्म सांगत बसलो तर ताई अर्धा कापून टाकतील, म्हणून एका झग्याचीच गोष्ट सांगतो.

त्याआधी धंद्यातली एक रीत सांगायला हवी. मी बायकांचे कपडे शिवतो, पण आमच्या दुकानात बाईच्या अंगाला टेप लावायची पद्धत नाही. ती आपल्याला नीट बसणारा एखादा जुना कपडा पाठवते. त्याला आम्ही नमुना म्हणतो. नमुन्याला मी चिठ्ठी टाचतो: वर नाव, खाली 'नमुना, परत द्यायचा'. कापड बिघडवलं तर गिऱ्हाईक एखाद वेळ माफ करतं. नमुना हरवला तर नाही. आणि नमुना खूप बोलतो. कोणाचा खांदा उतरलाय, कोण चालताना पाय ओढतं, कोणाला सहावा महिना लागलाय, हे घरच्यांच्या आधी शिंप्याला कळतं. मात्र त्याने ते बोलायचं नसतं.

दुकानाचा परवाना ज्या ओमानी माणसाच्या नावावर असतो तो आमचा अर्बाब. माझा अर्बाब सालेम, कुरुमला राहतो. चौतीस वर्षांत त्याने माझ्यावर आवाज चढवला नाही, आणि पुढे सांगणार आहे त्या वेळी चढवला असता तर बरं झालं असतं असं मला वाटलं. सालेमचं कुटुंब दर हिवाळ्यात आल्प्समधल्या एका गावी जातं. गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण ते नीट उच्चारायचं तर आधी घसा खाकरावा लागतो. फोटो मात्र शेकड्याने पाहिले. लाकडी माड्यांची हॉटेलं, घड्याळांची दुकानं, फरचे कोट घातलेल्या बायका आणि त्यांच्याहून चांगले कोट घातलेली त्यांची कुत्री.

त्या गावामुळेच मी या कामाला लागलो. सालेमच्या मुलांच्या बर्फावर घसरायच्या विजारी दर वर्षी आखूड व्हायच्या, त्या माझ्याकडे यायच्या. अशा विजारीच्या पायात आत आणखी एक तोकडी बाही असते, ती बुटावर घट्ट बसते आणि बर्फ आत जाऊ देत नाही. लांबी कमीजास्त करायची तर आधी ती उसवून वेगळी काढावी लागते. दुसरं म्हणजे सुई जिथे जाते तिथे भोक पडतं आणि भोकातून पाणी जातं. म्हणून प्रत्येक शिवणीवर आतून पट्टी इस्त्रीने चिकटवायची. हे मला कोणी शिकवलं नाही. उसवून उसवून शिकलो.

मग बोलबाला झाला. एक नवरदेव आला, त्याला फोटोसाठी पांढऱ्याशुभ्र दिशदाशाला, म्हणजे इथल्या पुरुषांच्या पायघोळ झग्याला, आतून ब्लँकेट लावून हवं होतं. लावून दिलं. तिथे तो उतारावरून घसरला आणि पांढऱ्या बर्फात पांढरे कपडे, बायकोला तो अर्धा तास सापडेना. कुरुमचे एक पुणेकर इंजिनियर कोटाला आतून सात खिसे लावून घ्यायला आले. मी विचारलं, कशाला? म्हणाले, "तिथे खायला परवडत नाही हो. दोन चिवड्याचे, दोन शंकरपाळ्यांचे, उरलेल्या तिनांचं बघू." परत आले ते खिसे धुवायला घेऊनच. चिवड्याचं तेल अस्तरात उतरलं होतं.

आता तो झगा.

सालेमच्या आईला सगळे उम्म सालेम म्हणतात, म्हणजे सालेमची आई. जबल अख्दरच्या डोंगरातली बाई. एका वर्षी मुलगा म्हणाला, तूही चल. ती तयार झाली, पण तिथले फुगीर चकचकीत कपडे घालायला साफ नाही म्हणाली. "तांदळाचं पोतं दिसेन मी त्यात. माझा झगा आणि माझी सिरवार, त्यातच येईन." सिरवार म्हणजे घोट्याशी तंग असलेली विजार. म्हणजे मला तिच्या रोजच्या घाटाचाच, पण बर्फात चालेल असा झगा शिवायचा होता. मी कबूल केलं. वर बाटलीच्या हिरव्या रंगाची मखमल घेतली, आत साटीनचं अस्तर. मधे काय भरायचं एवढाच प्रश्न होता.

म्हातारीने स्वतः फोन केला. "हनीफ, सूफ घाल. कुतुन नको." सूफ म्हणजे लोकर, कुतुन म्हणजे कापूस.

मी म्हटलं, "उम्म सालेम, लोकर टोचते. तुम्ही माझ्यावर सोडा."

"बर्द मी पाहिलीय, हनीफ." बर्द म्हणजे थंडी.

"इन्शाल्ला, छान करतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मनात मी हसत होतो. ऊब म्हणजे काय ते मला शिकवता? माझ्या आईच्या हातची गोधडी अंगावर घेतली की पौषातसुद्धा पाय गरम राहायचे. मी उत्तम कापूस आणला, पिंजून घेतला, थर नीट लावले आणि आईसारखा बारीक धावदोरा घातला. आठ दिवस दुसऱ्या कामाला हात लावला नाही. झगा असा झाला, की शेजारचा इस्त्रीवाला हात फिरवून गेला. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मीच, आणि तेही उंटांच्या देशात.

गोधडी घरात पांघरायची असते. तिच्यावर पाऊस पडत नाही. एवढी साधी गोष्ट कोकणातल्या माणसाच्या डोक्यात येऊ नये? पण माझ्या डोक्यात बर्फ म्हणजे कोरडी वस्तू होती, पिठासारखी, झटकली की झाली. अंगाच्या उबेने तो वितळतो आणि त्याचं पाणी होतं, हा विचारच मला शिवला नाही.

परतल्यावर सालेम दुकानात आला. काउंटरवर हात टेकून उभा राहिला. म्हणाला, "हनीफ, माझी आई त्या बाकावरून उठू शकली नाही."

त्याने सांगितलं ते असं. हॉटेलसमोर बाक आहे. म्हातारी नातवंडांचं घसरणं बघत तिथे बसली. बर्फ पडायला लागला, तिला आवडला, ती बसून राहिली. कापूस पाणी पीत गेला. तासाभराने ती उठायला गेली तर झगा इतका जड झालेला, की गुडघ्यांवर कोसळली. दोन माणसांनी उचलून आत नेली तेव्हा ओठ निळे पडले होते. तीन दिवस अंथरुणात आणि उशाशी डॉक्टर.

सालेम म्हणाला, "आईचा नमुना परत दे."

नमुना परत मागणं म्हणजे काय, हे शिंप्याला समजावून सांगावं लागत नाही. मी चिठ्ठी काढली, घडी घातली आणि दिला. इतकी वर्षं माझ्या कपाटाच्या तिसऱ्या फळीवर असायचा तो. आमचं बाकीचं सगळं होतं तसंच राहिलं. परवाना, सलाम, कॉफी, सगळं. फक्त त्या घरातून बाईमाणसाचं एक कापड आलं नाही.

फोनवर बायकोला सांगितलं. रुकय्या गावी असते, कमी बोलते आणि नेमकं बोलते. "ती डोंगरातली बाय. थंडी तिनं बगितलेली हाय. तुमी काय बगितलंय?"

"तुला काय कळतं शिवणातलं?" मी म्हटलं.

"शिवणातला नाय कळत. आयकण्यातला कळता."

चार महिने असेच गेले. दुधाने तोंड भाजलेला माणूस ताक फुंकून पितो, तसा मी गिऱ्हाइकाला साध्या उशीच्या अभ्र्यालाही तीनतीनदा विचारायचो. मग एक दिवस कुरुमच्या घरचा ड्रायव्हर पिशवी ठेवून गेला. आत तो झगा होता.

उचलला आणि हाताला काहीतरी वेगळंच लागलं. उजवी बाजू रिकामी होती, अस्तर आणि मखमल नुसती लोंबत होती. डाव्या बाजूत कापूस नव्हता, लोकर होती, हलकी आणि एकसारखी पसरलेली. डाव्या खांद्यावर वरून एक जाड, घट्ट लोकरीचा पट्टा बसवला होता. त्यावर पाणी टाकून पाहिलं तर थेंब घरंगळून गेले. टाके परक्या हाताचे होते. माझ्या टाक्यांपेक्षा लहान, आणि टीचभर अंतरावर प्रत्येक ठिकाणी दुहेरी गाठ, म्हणजे एका जागी उसवलं तरी लोकर सरकू नये. टाक्यांचा कलही उलटा होता. मी मनात म्हटलं, हा माणूस डावखुरा आहे आणि माझ्याहून चांगला आहे. दुसरी गोष्ट कबूल करायला थोडा वेळ लागला.

पिशवीत उजव्या खांद्यासाठी तसल्याच पट्ट्याचा तुकडा होता आणि इंग्रजीत हाताने लिहिलेलं पत्र. मी तडक साठे ताईंना फोन केला. त्या संध्याकाळी आल्या आणि स्टुलावर बसून त्यांनी ते मला मराठीत वाचून दाखवलं.

पत्र मारी नावाच्या बाईचं होतं. ती त्या हॉटेलात चादरी-पडदे शिवायला असते. ओला झगा हॉटेलच्या लाँड्रीत वाळेना, तेव्हा तो तिच्याकडे आला. तिने उसवला आणि आतला कापूस बघून तिला हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण धावदोरा फार सुंदर होता. म्हातारी बरी झाल्यावर मारीच्या खोलीत येऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. मारी शिवायची, म्हातारी लोकर विंचरून द्यायची. डावी बाजू झाली आणि यांचा निघायचा दिवस आला. 'मी पुरा करून टपालाने पाठवते म्हटलं,' मारीने लिहिलं होतं, 'पण त्या नको म्हणाल्या. नातीकडून मला सांगितलं, उरलेली बाजू ज्याची आहे तो करेल.'

साठे ताई इथे थांबल्या. मी मशीनचं तेल शोधायला खाली वाकलो आणि जरा वेळ वाकलेलाच राहिलो.

पुढे तिने गावाबद्दल लिहिलं होतं. फोटोत दिसतं ते गाव तिच्या आजीचं नव्हे. आजीच्या वेळी तिथे गाई, गवत आणि शेण एवढंच होतं. अर्धं वर्ष बर्फात दारं बुजायची आणि खाणारी तोंडं कमी व्हावीत म्हणून मुलांना दुसऱ्या खोऱ्यांत चाकरीला पाठवायचे. मग शहरातले डॉक्टर छातीच्या रोग्यांना तिथे पाठवायला लागले, हवा चांगली म्हणून. रोगी दिवसभर सज्जात उन्हात झोपून राहायचे आणि त्यांच्यासाठी गावातल्या बाया लोकरीची पांघरुणं शिवायच्या. मारीच्या घरात शिवण आलं ते तिथून. रोग्यांना भेटायला आलेल्या धडधाकट माणसांना करमेना, म्हणून त्यांनी पायांना फळ्या बांधून घसरायला सुरुवात केली. गाववाले हसले. हसता हसता त्यांनी खोल्या भाड्याने दिल्या, मग गोठ्यांच्या जागी हॉटेलं आली, आगगाडी आली, राजे-राण्या आल्या. आता आजीच्या घरात पाहुण्यांच्या फळ्या ठेवतात, आणि मारीला गावात राहणं परवडत नाही, ती खालच्या खोऱ्यातून सकाळच्या गाडीने कामाला येते. शेवटी लिहिलं होतं: 'तुमच्याकडे बर्फ नाही, त्यामुळे चूक तुमची नाही. पण आता करू नका.'

"बाई मोकळी आहे हो," साठे ताई म्हणाल्या.

"रुकय्याची बहीण शोभेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी कुरुमला गेलो. दिवाणखान्यात बसवलं, खजूर आणि कॉफी आली. मग काठी टेकत एक वृद्ध बाई आली आणि समोर बसली. इतकी वर्षं मी तिचे कपडे शिवत होतो, तिला पाहिलं कधी नव्हतं. तरी लगेच ओळखलं. डावा खांदा किंचित खाली होता. नमुन्यात होता अगदी तितकाच.

"आता ऐकशील?" तिने विचारलं.

"ऐकेन."

"मग लोकर माझी. माझ्या गावची. तुझ्या बाजारातली नको."

मग ती बोलत राहिली. तिच्या लहानपणी जबल अख्दरला डाळिंबं आणि गुलाब होते, गाढवाच्या वाटेने खाली यायला दिवस लागायचा, आणि थंडीत घरातले बाप्येसुद्धा चात्या फिरवत सूत काढायचे. आता तिथे रस्ता आहे आणि कड्याच्या टोकावर हॉटेलं आहेत. "मारीचं गाव आणि माझं गाव एकच," ती म्हणाली. "तिचं आधी विकलं गेलं, एवढंच." मला आमची खाडी आठवली. तिच्या काठी हल्ली 'सी व्ह्यू' अशा पाट्या लागल्यात, आणि व्ह्यू बघायला बसलेल्या पाहुण्यांना मासे वाढायला माझा पुतण्या आहे.

लोकर आली. तीन आठवडे लागले. मारीचे टाके मी भिंगाखाली मोजले, गाठी मोजल्या, तीनदा घातलेली शिवण तीनदा उसवली. माझा हात उजवा, तिचा डावा, त्यामुळे टाक्यांचे कल समोरासमोर आले, मधल्या शिवणीकडे दोन्हीकडून झुकलेले. ते मुद्दाम करायला गेलो असतो तर जमलं नसतं. शेवटचा दोरा तोडला तेव्हा मी घाबरलेलो होतो. आयुष्यात पहिल्यांदा काम पुरं झाल्यावर घाबरलो. झग्यासोबत मारीसाठी साठे ताईंकडून एक ओळ लिहवून दिली: तुम्ही डावखुऱ्या, मी उजवा, म्हणून टाके समोरासमोर आलेत.

त्या डिसेंबरात रोज फोन हातात धरून बसलो. मशीन चालू आणि लक्ष फोनवर. पाचव्या दिवशी सालेमने व्हिडिओ पाठवला, सोबत एक शब्दही नाही. तोच बाक. बर्फ पडतोय. म्हातारी बसलीय, हिरव्या झग्यात, शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई. दोघी थर्मासमधून कॉफी पितायत. मग उम्म सालेमने काठी टेकली. ती उठली. कोणी हात दिला नाही. तिने खांदे झटकले, आधी डावा, मग उजवा, आणि कॅमेऱ्याकडे बघून म्हणाली, "हनीफ, खलास, झालं काम. कोरडी आहे."

मी रडलो. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोर रडलो. त्यांना वाटलं गावाकडून वाईट बातमी आली. त्यातली एक बाई पाणी घेऊन आली.

मारीची चिठ्ठी परतीच्या सामानातून आली. तुमची बाजू पाहिली, लिहिलं होतं, काखेखालची वळणं तुम्ही माझ्यापेक्षा चांगली घेतलीत. मी डावखुरी आहे हे तुम्हाला कसं कळलं? ती चिठ्ठी इस्त्रीच्या टेबलाच्या काचेखाली आहे, कोणीही येऊन बघावी. आणि जानेवारीत ड्रायव्हर एक गाठोडं घेऊन आला, त्यात उम्म सालेमचा नमुना होता. मी 'नमुना, परत द्यायचा' अशी चिठ्ठी लिहून टाचली आणि तिसऱ्या फळीवर ठेवला. त्या दिवशी दुपारी मी बिर्याणी मागवली, एकट्यासाठी.

त्यानंतर ती आणखी चार हिवाळे तिथे गेली. झग्याची कोपरं मी दोनदा बदलली. मधे एका वर्षी मी मारीसाठी एक गोधडी पाठवली, आईच्या पद्धतीची, खरी कापसाची. सोबत साठे ताईंकडून लिहवून घेतलं: घरात वापरावी. मारीचं उत्तर आलं, एवढं मला कळतं.

गेल्या महिन्यात सालेमला सांगितलं, की मी आता जाणार. गुडघे मशीनला नको म्हणतात, आणि रुकय्या म्हणते, "आता माझंपण आयका." सालेमने माझ्या कपात आणखी कॉफी ओतली. मग म्हणाला, डिसेंबरात आमच्याबरोबर चल, मारी विचारत असते. मी म्हटलं, अर्बाब, मी होडीत ओकणारा माणूस, बर्फात माझं काय काम? विषय तिथेच राहिला असं मला वाटलं.

परवा फोन आला. उम्म सालेमचा आवाज आता बारीक झालाय, पण हुकूम तोच.

"हनीफ, तुझ्याकडे गरम कपडा आहे?"

"नाही. चौतीस वर्षांत माझ्यासाठी एक शिवला नाही."

"वाटलंच मला. लोकर कातून ठेवलीय. मारी म्हणते डावी बाजू ती करेल, उजवी मी बघते. माझी नजर गेलीय, पण एक बाजू होईल." मग म्हणाली, "माप कसं घ्यायचं तुझं? यल्ला, तुझा नीट बसणारा एक सदरा पाठव."

मी फोन ठेवला. माझ्याकडे नीट बसणारा सदरा आहे की नाही, हेच मला आधी आठवेना. कपाटाच्या तळाशी निघाला एक, करड्या रेघांचा, रुकय्याने गावाहून पाठवलेला. त्याला इस्त्री केली, घडी घातली आणि सवयीने चिठ्ठी टाचली. वर लिहिलं, हनीफ, शिंपी. खाली लिहिलं, नमुना. पुढचे दोन शब्द लिहिले नाहीत. तसाच ड्रायव्हरच्या हाती दिला.